शेजारणीची ओळ

आमच्या घरी कोरा कागद विकत आणल्याचं मला आठवत नाही. पत्रकं होती, त्यामुळे गरजच पडली नाही. बाबा मजुरांच्या चळवळीत होते, त्यांच्याकडे सगळ्या रंगांची पत्रकं यायची. धानाच्या रोवणीच्या मजुरीची गुलाबी, बिडी वळणाऱ्या बायांच्या सभेची पिवळी, तलावाच्या पाण्याची पांढरी. तुमसरच्या छापखान्यातून गठ्ठा आला की बाबा तो आंधळगावच्या बाजारात आणि आसपासच्या गावांत वाटायचे आणि उरलेला घरी फळीवर ठेवून द्यायचे. कागद एका बाजूने छापलेला, दुसऱ्या बाजूने कोरा. छापलेल्या बाजूवर मी वाचायला शिकले. कोऱ्या बाजूवर माझी थोरली बहीण गणितं करायची.

यावरून आमची भांडणं व्हायची. माझं वाचून होण्याआधीच तिला तो कागद हवा असायचा.

"थांब ना बाई, मले पुरं वाचू दे. शेवटी काय मागनी केली ते राहिलं."

"मजुरी वाढवून द्या म्हनलं असन. दरवर्षी तेच म्हनते. आन इकडं."

थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. माझ्या हातून कागद ओढून घ्यायची, पालथा करायची आणि त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात समीकरणं मांडायची. कागद इतका पातळ की तिच्या समीकरणांमधून मागची 'एकजूट' आणि 'हक्क' ही मोठी अक्षरं उलटी दिसायची.

पत्रकांनी मला काय दिलं, हे मला कोणी विचारलं तर मी एकच गोष्ट सांगेन. पत्रकात कोणी एकटं नसतं. 'आम्ही मागतो', 'आपण सगळे जाऊ', 'आपल्या बायामाणसांनी सांगावं'. शाळेच्या पुस्तकाआधी मी हे वाचलं. त्यामुळे जगातलं सगळं छापलेलं लिखाण असंच बोलत असेल, असं मला बरेच दिवस वाटायचं.

बहीण दहावीला शाळेत पहिली आली आणि तुमसरच्या कॉलेजात अकरावीला जाऊ लागली. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळच्या एसटीने यायची. तिथे गणिताला नागपूरचे एक तरुण सर होते. त्यांनी वर्गात एक दिवस विचारलं की परराज्यातल्या एका मोठ्या अभियांत्रिकी कॉलेजची प्रवेश परीक्षा असते, ती द्यायची कोणाची तयारी आहे का. जे वर येतील त्यांची फी, राहणं, जेवण सगळं कॉलेजकडे. केंद्र नागपूर. वर्गातल्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. बहिणीने हात वर केला.

बारावीच्या गुणांवर तिला नागपूरलाही कुठेतरी जागा मिळाली असती. पण नागपूरला राहायचं कुठे, खायचं काय, पुस्तकं कुठून आणायची, याचं उत्तर आमच्या घरात कोणाकडेच नव्हतं. ही एक परीक्षा पार झाली तर ती इंजिनिअर होणार होती. नाही झाली तर घरी येणार होती. हे आम्ही कधी मोठ्याने बोललो नाही, पण मायला माहीत होतं, बाबांना माहीत होतं आणि तिला तर झोपेतही माहीत असावं.

त्या परीक्षेतली गणितं शाळेसारखी नव्हती. प्रश्नाखाली चार पर्याय, त्यातला एक बरोबर. उत्तर प्रश्नपत्रिकेवर लिहायचं नाही. वेगळी उत्तरपत्रिका, तिच्यावर एकाखाली एक आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढे चार गोल. बरोबर गोल पेन्सिलीने काळा करायचा. वेळ इतका थोडा की शाळेसारखी पायरी-पायरीने मांडणी केली तर अर्धा पेपरसुद्धा होऊ नये. सर सांगायचे, "तुम्हाला गणित येतं का, हे ते फार बघत नाहीत. तुम्ही वाट कशी निवडता, ते बघतात." त्यांनी स्वतः एकदा ती परीक्षा दिली होती. कितपत जमली ते कधी सांगितलं नाही.

कॉलेज सुटल्यापासून शेवटची एसटी येईपर्यंत ते तिला शिकवायचे. आणि घरी आल्यावर ती ते मला शिकवायची, कारण दुसऱ्याला सांगितल्याशिवाय तिचं तिलाच पटायचं नाही. चुलीपुढे बसून मायला भाजी चिरून देता देता तिचा वर्ग चालायचा.

"तीन क्ष अधिक दोन य बरोबर सतरा. दोन क्ष अधिक तीन य बरोबर अठरा. क्ष अधिक य किती?"

मी लगेच क्ष काढायला बसायचे. ती माझी पेन्सिल धरून ठेवायची.

"तुले क्ष कोनी मांगतला?"

"मंग?"

"त्यानं काय मांगतलं ते पाह्य. क्ष अधिक य मांगतलं. दोन्हीची बेरीज कर."

पाच क्ष अधिक पाच य, पस्तीस. पाचाने भागलं की सात. क्ष कोण आणि य कोण हे कळायच्या आधीच उत्तर हातात. मला ती जादू वाटली होती. माय म्हणाली, "म्हंजे काम न करता मजुरी." बहीण म्हणाली, "नाई माय. मांगतलं तेवढंच काम."

दुसरी युक्ती उत्तरापासून मागे यायची. एका संख्येत तिचाच वर्ग मिळवला तर एकशे बत्तीस होतात, तर ती संख्या कोणती? पर्याय नऊ, अकरा, बारा, तेरा. सर म्हणायचे, समीकरण मांडू नका, मधला पर्याय घालून बघा. बारा घातले तर एकशे छप्पन्न होतात. जास्त झाले, म्हणजे खाली या. अकरा घाला. जमलं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बहीण हसली आणि सरांना म्हणाली, "हे तं आमच्या रोवणीसारखं झालं." रोवणी करणारी बाई मागे मागेच सरकत जाते. लावलेलं धान तिच्या तोंडापुढे असतं, लावायचं ते पाठीमागे. सर शहरातले. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी तिला पुन्हा सांगायला लावलं.

अंदाजावरून मात्र घरात तंटा झाला. चार चुकीच्या उत्तरांना एक गुण कापला जाणार होता. सरांचं म्हणणं असं की काहीच कळत नसेल तर प्रश्नाला हात लावू नका; पण चारातले दोन पर्याय नक्की खोटे आहेत हे कळलं, तर उरलेल्या दोनातला एक ठोका. बहिणीने हे जेवताना सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. तेव्हा गावोगाव सट्टा चालायचा. त्याच्याविरुद्ध बाबांनी पत्रक काढलं होतं आणि त्यापायी दोन घरांशी बोलणं तुटलं होतं.

"म्हंजे आकडा लावाचा?"

"आकडा नाई बाबा. दोन कापले ना मी. अर्धं तं माहीतच झालं."

"अर्धं माहीत असलेली गोष्ट आपन पत्रकात छापतो काय?"

माय भात वाढत होती. वर न पाहता म्हणाली, "छापता ना. मागच्या सभेले हजार मानूस येनार म्हनून छापलं होतं. किती आले?"

बाबा हसले. तो तंटा तिथेच मिटला. पण बहीण त्यांचीच मुलगी. त्यानंतर सराव करताना अंदाजाने दिलेल्या प्रत्येक उत्तरापुढे ती एक बारीक फुली करायची. गुण मोजताना फुलीवाले वेगळे मोजायची. "हे माहे नाहीत," म्हणायची.

तिला सगळ्यात जड गेली ती प्रश्न सोडून पुढे जायची युक्ती. पहिल्या सरावाच्या पेपरात भूमितीचा एक प्रश्न अडला, तर ती त्याच्यावरच बसून राहिली. तो सुटला, पण वेळ संपला आणि पुढचा अर्धा पेपर कोरा. सर रागावले नाहीत. म्हणाले, "तुला जेवढं येत होतं, तेवढंसुद्धा तू त्यांना दाखवलं नाहीस." आमच्याकडे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टा येतो. तो अर्धा टाकून कडेच्या धुऱ्यावर चढणारीला बाया वर्षभर बोलतात. हातात घेतलेलं टाकून पुढे जायचं, हे तिच्या हातांनाच मान्य नव्हतं. मग एका संध्याकाळी तिला आपोआप सुचलं. "बांधीच्या खोल कोपऱ्यात पानी जास्त असते तं तो कोपरा ठेवतोच ना आपन. पानी उतरलं का लावतो. कोनी बोलत नाई." त्या दिवसापासून ती अडलेल्या प्रश्नापुढे एक ठिपका द्यायची आणि पुढे सरकायची. ठिपक्यांना ती कोपरे म्हणायची.

त्याबरोबर सरांनी एक ताकीद दिली होती. प्रश्न सोडलात तर उत्तरपत्रिकेवरही तेवढी ओळ सोडा. नाहीतर बाराव्याचं उत्तर अकराव्यापुढे जाईल, तेराव्याचं बाराव्यापुढे, आणि शेवटपर्यंत सगळं एकेक ओळ घसरत जाईल. सगळी गणितं बरोबर, आणि सगळी उत्तरं चूक. म्हणून ओळीखाली पट्टी धरा आणि मधून मधून आकडा तपासा.

बहीण म्हणाली, "आमच्या बांधीत बी असंच होते सर."

"मग तुला हे वेगळं सांगायला नको," सर म्हणाले.

बांधीत काय होतं, ते सांगायला हवं. शेतीखात्याच्या एका पत्रकात होतं की धान ओळीत लावा, उत्पन्न वाढतं. बाबांनी ते फार मनावर घेतलं. गावात लोक हसले. "बांधीत कापड विनता काय?" असं विचारायचे. पण बाबा हटले नाहीत. आमच्याकडे दोरी एकच. ती पहिल्या बाईपुढे ताणलेली असायची. ती दोरीवरून लावायची, दुसरी तिच्या ओळीवरून, तिसरी दुसरीच्या ओळीवरून. दोरी एकीला, बाकी सगळ्यांना शेजारीण. त्यामुळे एकीची ओळ घसरली की तिच्या पलीकडच्या सगळ्यांच्या घसरायच्या. म्हणून आमच्या बांधीत एक नियम झाला होता. कोणी केला नाही, आपोआप झाला. शेजारणीची ओळ घसरताना दिसली की तिथल्या तिथे सांगायचं. "तुई ओळ घसरली वो." तीही रागवायची नाही, दोन पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून सरळ लावायची आणि पुढे. दिसून न सांगणं हे मात्र वाईट समजलं जायचं. आम्हाला चिखलात पहिल्यांदा उभं केलं तेव्हाच माय म्हणाली होती, "दिसलं तं सांगाव. मनात ठिवू नये."

परीक्षा मे महिन्यात होती. बाबा, बहीण आणि मी आदल्या दिवशी एसटीने भंडाऱ्यावरून नागपूरला गेलो, बाबांच्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याकडे राहिलो. सकाळी एका शाळेपुढे मोठी गर्दी होती. मुलं बरीच, मुली थोड्या. बऱ्याच जणांच्या हातात शिकवणीच्या छापील वह्या होत्या. त्यांत सरांनी सांगितलेल्या सगळ्या युक्त्या आकडे घालून दिलेल्या होत्या. मी एकीच्या खांद्यावरून वाचलं. जे आम्हाला एका माणसाच्या चांगुलपणामुळे, एसटीची वाट पाहता पाहता मिळालं होतं, ते इथे सगळ्यांना ठाऊकच होतं. तेव्हापासून मी म्हणत आले आहे की त्या परीक्षा हुशारीचं नाव सांगतात आणि सवय तपासतात. कोणाच्या घरी कोणती सवय लागते, हे त्यांना विचारायचं नसतं.

बहीण आत गेली. जाताना बाबा म्हणाले, "सावकाश." ती म्हणाली, "सावकाश नाई बाबा, पटापट." आम्ही तिघंही हसलो.

पुढचं मी पाहिलेलं नाही. तिने एकदा सांगितलं, परतीच्या एसटीत, खिडकीबाहेर बघत. पुन्हा कधी सांगितलं नाही.

पेपर तिला चांगला गेला होता. पहिल्या फेरीत सोपे, दुसऱ्या फेरीत कोपरे. कोपऱ्यांतले बरेचसे सुटले होते. वेळ उरला होता. ती ओळीखाली पट्टी धरून उत्तरपत्रिका तपासत होती. सगळं जागच्या जागी होतं. मान दुखली म्हणून तिने ती वळवली, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या कागदावर नजर गेली. त्या मुलीनेही एक प्रश्न सोडला होता. त्या प्रश्नाच्या ती पुष्कळ पुढे आली होती, पण उत्तरपत्रिकेवर तिचा हात एक आकडा मागे होता. घाईघाईने एकेक गोल काळा होत होता आणि प्रत्येक गोल चुकीच्या ओळीत.

बहीण हळूच म्हणाली, "तुई ओळ घसरली."

वर्गात असलेले पर्यवेक्षक आले. वयस्कर होते, आवाजही मऊ होता. हे तिने मुद्दाम सांगितलं.

"काय सांगितलंस तिला?"

"ओळ घसरली म्हनलं, सर."

"उत्तर सांगितलंस?"

"नाही."

"पण बोललीस."

"बोलली."

त्यांनी दोघींचेही कागद उचलले. ती मुलगी रडायला लागली. म्हणाली, मी हिला काही विचारलं नव्हतं, हीच आपणहून बोलली. पर्यवेक्षकांनी बहिणीकडे पाहिलं. बहीण म्हणाली, "हो, तिनं नाई विचारलं." मग त्यांनी त्या मुलीचे कागद परत दिले. बहिणीच्या कागदावर लाल शाईने काहीतरी लिहिलं आणि तिला बाहेर जायला सांगितलं. दारातून तिने मागे पाहिलं तेव्हा ती मुलगी खोडरबर घेऊन वरपासून गोल पुसत होती. वेळ होता तिच्याकडे.

आम्ही फाटकाशी निंबाच्या सावलीत बसलो होतो. सगळ्यांच्या आधी तिला येताना पाहून मला वाटलं, लवकर झाला पेपर. मी हात हलवला. तिनेही हलवला. जवळ आल्यावर तिचा चेहरा दिसला. तिने बाबांना तीन वाक्यांत सांगितलं. बाबा उभे राहिले, फाटकाकडे गेले, तिथल्या शिपायाशी बोलले, परत आले, पुन्हा गेले. मोर्च्यात शंभर माणसांपुढे न अडखळणारा माझा बाप त्या शिपायापुढे नीट बोलू शकत नव्हता, कारण त्याच्या मागे कोणीच उभं नव्हतं.

मी म्हणाले, "तू 'नाई बोलली' म्हनली असती तं? कोनी ऐकलं होतं?"

"तिनं ऐकलं होतं," बहीण म्हणाली. "अन् मी बोलली होती."

एसटीत बाबा पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिले. "ती पोरगी खरं बोलली. तू बी खरं बोलली. तो मास्तर नियमानं वागला. मंग खोटं कोन हाये याच्यात?" उन्हाने सगळी बस तापली होती.

पेपर रद्द झाला आणि पुढची दोन वर्षं त्या परीक्षेला बसायला तिला बंदी झाली. बाबा अर्ज घेऊन नागपूरला गेले. खिडकीतल्या माणसाने त्यांना नियम वाचून दाखवला. नियम स्वच्छ होता. परीक्षेच्या वेळात कोणीही कोणाशीही बोलायचं नाही. त्यात उत्तराचा उल्लेखच नव्हता.

घरी आल्यावर बाबा फळीवरून एक गठ्ठा काढून, कोरी बाजू वर करून बसले. त्यांना लिहिताना पाहिलं की आम्हाला कळायचं, पत्रक होतंय. बहीण जवळ जाऊन बसली.

"बाबा, माह्यावर पत्रक काढू नका."

"काहून? अन्याय नाई काय हा?"

"हाये. पन तुम्ही 'आम्ही' म्हनून सुरुवात करान. हे कोनाचं 'आम्ही' हाये? मी एकटीच होती तिथं."

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. आमच्या घरात गावच्या तलावापासून बिडीच्या पानापर्यंत सगळ्यावर पत्रक निघालं. तिच्यावर निघालं नाही. मी मोठी झाल्यावर पुष्कळ पत्रकं लिहिली. प्रत्येक वेळी पहिला शब्द लिहिताना तिचा प्रश्न आठवतो.

सर उन्हातून सायकल मारत घरी आले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "मी तुला सगळं शिकवलं. तिथं शेजारी कोणी नसतं, एवढं सांगायचं राहून गेलं."

"होती ना सर," बहीण म्हणाली. "हातभर अंतरावर होती."

जाताना सर मायच्या पाया पडले. ते कशासाठी, हे मायला कळलं नाही. ती संकोचून मागे सरली.

पुढे निकाल लागला. सरांनी वर्तमानपत्र पाठवलं होतं. बहिणीने ते उघडलं, आकड्यांच्या रांगांवरून बोट फिरवलं आणि घडी करून ठेवलं. स्वतःचा आकडा ती शोधत नव्हती, तो नसणार हे तिला ठाऊक होतं. मला म्हणाली, "तिचं जमलं असन काय?" आम्हाला त्या मुलीचं नावही माहीत नव्हतं, नंबरही नाही.

दोन वर्षांनी बंदी उठली तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं. आता ती लाखांदूरकडे असते. घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत. मुलाला पाढे शिकवते. मी गेले की आम्ही सगळ्या विषयांवर बोलतो.

पण मला जे सांगायचं आहे, ते परीक्षा झाली त्याच वर्षीच्या रोवणीतलं आहे.

आषाढ संपत आला होता. तलावाखालच्या बांधीत आम्ही दहा-बारा जणी होतो. मायपुढे दोरी, मग दोघी गावातल्या, मग गावात नवीनच लग्न होऊन आलेली एक सून, तिच्या शेजारी माझी बहीण, मग मी. नवी सून दुसऱ्या भागातली. तिला ओळीची सवय नव्हती. बाया तिची थट्टा करत होत्या. "सासूपाशी सरळ चालते, बांधीत काहून वाकडी?" तीही लाजत हसत होती. गाणी झाली, गप्पा झाल्या, पऱ्ह्यांच्या पेंढ्या संपत गेल्या.

मधेच माझ्या लक्षात आलं की मी लावते आहे ती ओळ तिरपी जाते आहे. मी माझ्या पुढे पाहिलं. मी बहिणीच्या ओळीवरून लावत होते. तिची तिरपी होती. तिच्या पलीकडे सुनेची ओळ बऱ्याच आधीपासून घसरली होती. तिथून सगळं घसरत माझ्यापर्यंत आलं होतं. मी बहिणीकडे पाहिलं. तिचे डोळे सुनेच्या ओळीवर होते. हात चालू होते. चिमटीत पऱ्हे, चिखलात बोटं, पुन्हा पऱ्हे. सुनेच्या प्रत्येक चुकीला लागून ती तितकीच चूक नेमकी लावत होती. तिला दिसत होतं. ती बोलत नव्हती.

मीही बोलले नाही. मला वाटलं, आता बोलेल.

मायने कंबर सरळ करायला मान वर केली तेव्हा अर्धी बांधी वाकडी झाली होती. तिने ओळीवरून नजर फिरवत नेली आणि ती बहिणीपाशी येऊन थांबली.

"तुले दिसलं नाई काय वो?"

"दिसलं."

"मंग?"

सून घाबरून दोघींकडे बघत होती. बहीण वाकलेलीच होती. हातातली चिमूट तिने चिखलात रोवली, भोवती माती दाबली, आणि एक पाऊल मागे सरली.

माय दोरी सोडून चिखल तुडवत आली, सुनेच्या शेजारी वाकली आणि घसरलेले पऱ्हे एकेक करून उपटायला लागली.